मदत हवी आहे: विरलेलं रेशमी लुगडं, चाकरमान्यांच्या जीन्स आणि कोकणातली दमट हवा

पागोळी:

नमस्कार मंडळी,

जुन्याचं नवं शिवून ते स्वतः अंगावर घालणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. अंगावर घालणाऱ्यांचा असं मुद्दाम म्हणतेय. जुन्या कपड्यांचं काय करू विचारलं की लोक पिशवी, पायपुसणं आणि उशीचा अभ्रा यापलीकडे जात नाहीत. पिशव्या भरपूर आहेत. मला कपडे हवेत.

राहते मालवण तालुक्यात. समुद्र इतका जवळ की पावसाळ्यात नवी सुई मशीनला लावून ठेवली तर बघता बघता तांबूस होते. पायमशीन आहे, शिवणक्लास झालाय. साधे ब्लाऊज, परकर, झबली, पंजाबी ड्रेस जमतात. कडा बांधायचं इंटरलॉक मशीन नाही.

आता माल सांगते. सगळ्यात नाजूक म्हणजे सासूबाईंच्या आईचं रेशमी नऊवारी लुगडं. वांगी रंग, काठ-पदराला जर. लोखंडी ट्रंकेत वर्षानुवर्षं एकाच घडीत पडून होतं. उलगडलं तर मधलं कापड अजून झुळझुळीत, पण घडीच्या रेघांवर बारीक बारीक चिरा. दोन्ही हातांनी धरून जरासं ताणलं की टर्रकन जातं. एका कडेला ट्रंकेच्या गंजाचा तपकिरी डाग. बाजारातल्या टेलरने हातात घेतलं, उजेडाला धरलं आणि परत दिलं, ‘वहिनी, ह्येच्यार टीप धरूची नाय.’

सासूबाई आधी कात्रीचं नाव काढू देत नव्हत्या. आता ‘माझ्या आंगार घालूक काय तरी शिव’ इथवर आल्या आहेत. त्यांना आंगणेवाडीच्या जत्रेत साडीवरून घालायला बिनबाह्यांचं जाकीट हवंय. रात्री तिथे चांगलाच गारवा असतो. जत्रेची तारीख देवीचा कौल मिळाल्यावरच कळणार, पण साधारण फेब्रुवारी-मार्च धरून चालू.

दुसरा ढीग चाकरमान्यांचा. मुंबईत बोहारणी दिसेनाशा झाल्यापासून आमच्या भावकीने गाव हीच बोहारीण ठरवलेली दिसते. गणपतीला येताना मोदकांच्या साच्याबरोबर जुन्या जीन्स आणि ऑफिसच्या शर्टांचं बोचकं येतं, ‘गावात कुणालातरी होतील’ म्हणून. होत कुणालाच नाहीत. जीन्स तर आमच्याकडे जून ते सप्टेंबर वाळतच नाही, पडवीतल्या दोरीवर चुलत पाहुण्यासारखी मुक्काम ठोकून असते. शर्ट मात्र कापडाला उत्तम आहेत. कॉलर आणि कफ तेवढे गेलेत.

तिसरं म्हणजे घरातलेच सुती कपडे, ज्यांच्यावर काजूच्या बोंडाचे डाग आहेत किंवा बुरशीचे काळे ठिपके.

यूट्यूबवर बघितलेलं बहुतेक सगळं कोरड्या हवेतल्या लोकांसाठी आहे. तीन थर लावा, पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं कडक अस्तर) चिकटवा, डेनिमचा कोट करा. इथे तो कोट श्रावणात हिरवा होईल. तर लुगड्याचं जाकीट होईल का, झालं तर कसं, आणि बाकीच्याचं इथल्या हवेत घालता येईल असं काय करावं?

खाडीकाठ:

लुगडं खरंच रेशमी आहे का ते आधी बघा. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर रेशीम. कागद जळल्याचा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सूत नाहीतर आर्ट सिल्क, म्हणजे रेयॉनचं नकली रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर, मग त्याला इतकं जपायचं कारण नाही.

जरही तपासा. एखादी तार नखाने किंवा दगडावर घासून बघा. खाली पांढरी चमक असेल तर चांदी, तांबूस दिसलं तर तांब्याची तार. चांदीची असेल तर बोहारणीच्या वारशाला जागून काठ कुणाला फुकट देऊ नका. जुन्या जरीला बाजारात वजनावर पैसे मिळतात.

उरेब:

पागोळी, टेलर बरोबर बोलला. त्या कापडावर टीप धरणार नाही. पण जाकीट होईल, कारण टिपेचा ताण त्या रेशमाने घ्यायचाच नाही.

आधी हे बघा की कुठला धागा गेलाय. चीर काठाला समांतर धावत असेल तर आडवा धागा तुटलाय, काठाला काटकोनात असेल तर उभा. मग घड्यांच्या मधल्या पट्ट्यांत, जिथे कापड धड दिसतं तिथे, दोन्ही दिशांनी हलकेच ताणून बघा. ज्या दिशेने दम आहे ती दिशा जाकिटात खांद्यापासून खाली धरायची. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. बिनबाह्यांच्या जाकिटाला दीड-पावणेदोन मीटर पुरतं. म्हणजे तुम्हाला निवडायला भरपूर वाव आहे. गंजाचा भाग तर सोडूनच द्या. गंज नुसता डाग नसतो, तिथलं रेशीम आतून खाल्लेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. मलमल आणा, पांढरी नको, वांग्याच्या जवळची गडद. ती आधी धुऊन, आटवून, इस्त्री करून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात मलमल आक्रसेल आणि वर रेशमाला झोळ पडेल. मलमल पाटावर सपाट पसरा, वर रेशमाचा तुकडा, दोन्हींचे उभे धागे एका रेषेत. चिरा असतील तिथे कडा नुसत्या एकमेकींशेजारी आणून ठेवा, ओढून जुळवू नका. मग हाताने धावदोरा. अर्ध्या अर्ध्या इंचावर समांतर ओळी, मधून सुरुवात करून कडेकडे जायचं. दोरा रेशमी किंवा एकेरी बारीक सुती. पॉलिस्टरचा दोरा रेशमापेक्षा चिवट असतो, तो कालांतराने कापड कापतो. सुई नवी आणि बारीक. चिरेवर ओळी जवळ घ्या आणि चिरेच्या आडव्या दिशेने न्या.

कात्री यानंतर. आधी धावदोरा, मग बेतणं. उलटं केलंत तर कापलेल्या कडांतून धागे सुटायला लागतील. धावदोरा घातलेलं कापड थोडं आखडतं, त्यामुळे तुकडा मापापेक्षा चार बोटं मोठा घ्या.

खांदा आणि बाजूची शिलाई मशीनवर चालेल, पण ती मलमलीच्या जिवावर. टाका मोठा ठेवा, तीन मिलिमीटरच्या आसपास. बारीक टाका विरलेल्या कापडाला भोकं पाडून रेघ आखून देतो, आणि पुढे ते तिथेच फाटतं. सुई ९ किंवा ११ नंबर. टक्स (फिटिंगच्या चुण्या) घालू नका, मुंढा मोकळा, पुढून बटणं न लावता सुती कापडाचे बंद. कडांना उरेब पट्टी, म्हणजे तिरकी कापलेली, तीही सुती. पेस्टिंग अजिबात नको. दमट हवेत आणि धुण्यात त्याचा गोंद सुटतो, फुगे येतात, आणि काढायला गेलात तर रेशीम त्याच्याबरोबर निघून येतं.

रेशमाची गोधडी शिवून ती अंगावर घालायची, असंच हे काम आहे. खाली कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका जुन्या कपड्यांच्या कवंदी, म्हणजे गोधड्या, शिवतात. त्या कडेपासून सुरुवात करून फिरत फिरत मध्यावर येतात. टिकाऊ हातशिलाई बघायची असेल तर त्यांची बघावी. तुमचं कापड मात्र नाजूक आहे, कडेकडून आत आलात तर मध्ये फुगवटा येईल.

चाकरमानी_दादर:

बोचकं पाठवणाऱ्यांपैकी मी एक, म्हणून कान धरून उत्तर देतो. बोहारीण अजूनही येते हो आमच्या चाळीत, पण जीन्सला तिच्याकडे भाव नाही आणि स्टीलच्या डब्यांची आता घरात कुणाला हौस नाही. गावाला नेणं सोपं पडतं, खरं आहे.

एक शंका. आजीचं लुगडं आहे, तर ते फ्रेम करून किंवा तसंच जपून ठेवलं तर? एकदा कापलं की कापलं.

पागोळी:

दादा, जपून ठेवलं म्हणून तर हे झालं. ट्रंकेत जपलेलंच विरलंय. आणि ज्यांच्या आईचं आहे त्यांनाच घालायचंय, मग मी कोण फ्रेम करणारी?

खाडीकाठ, जाळून बघितलं. केसाचाच वास. जर घासली तर पांढरी. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. विकायची नाही, जाकिटालाच लावायची, असा हुकूम सुटलाय.

उरेबताई, जर काठासकट वापरायची तर तिची जागा कुठे? मानेला टोचेल ना?

उरेब:

मानेला आणि मुंढ्याला नको. पुढच्या दोन्ही उभ्या कडांना लावा, आणि पाठीवर हवी तर खालच्या घेराला. काठ लुगड्यापासून वेगळा कापून, पाठीमागे मलमलीची पट्टी देऊन मग वरून शिवा. जर वजनाला जड असते, विरलेल्या रेशमावर ती नुसती लोंबत ठेवली तर तिथूनच फसकतं. इस्त्री उलट्या बाजूने, मध्ये सुती फडकं घालून, पाणी न शिंपडता. जाकीट धुवायला काढू नका. घालून झालं की रात्रभर सावलीत वाऱ्यावर टांगा. आणि ट्रंकेत जाणार असेल तर मलमलीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या जरीला लागू न देता. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की दरवर्षी बाहेर काढायचं, सावलीत, आणि घडी बदलायची. एवढं केलं असतं तर हा चर्चेचा धागाच निघाला नसता, पण ते जाऊ द्या.

शर्टांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून सांगते, कारण तुमच्या ढिगातला खरा खजिना तोच आहे. पुरुषी शर्टाची पाठ हा सगळ्यात मोठा अखंड तुकडा. मोठ्या मापाच्या शर्टाची पुढची बटणपट्टी आहे तशी ठेवली की निम्मं कष्टाचं काम झालेलं असतं. काजं आयती मिळतात. कॉलर विरली असेल तर दोन रस्ते. पूर्वी टेलर ती उसवून उलटी लावून द्यायचे, आतली कोरी बाजू वर यायची. ते करा, नाहीतर कॉलरची वरची पात काढून टाका आणि खालची पट्टी राहू द्या, बंद गळ्याचा कुर्ता होतो. उंची कमी पडली तर दुसऱ्या शर्टाच्या पाठीचा घेर जोडा, बाजूला चीर ठेवा. कफ गेलेत तर बाही कोपरापर्यंत आणा. कोकणात तशीही लांब बाही कुणाला हवीय? असे कुर्ते पावसात एका रात्रीत पंख्याखाली वाळतात.

खाडीकाठ:

काजूच्या डागावर माझं मत: काढायच्या फंदात पडू नका. आम्ही वेंगुर्ल्यात लिंबू, ताक, सगळं करून बघितलं, डाग हसतो नुसता. त्यापेक्षा कपडाच गडद करा. हिरड्याची पूड कोमट पाण्यात भिजवून त्यात सुती कपडा रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी गंजलेले खिळे गुळाच्या पाण्यात आंबवून केलेल्या पाण्यात बुडवायचा. करड्यापासून काळपटापर्यंत रंग येतो आणि डाग त्यात हरवतो, कारण काजूच्या रसातही हिरड्यासारखाच तुरटपणा असतो आणि तोही लोखंडाने काळा पडतो. लोखंडाचं पाणी पातळ ठेवा आणि नंतर भरपूर खळबळा, जास्त झालं तर कपडा काही वर्षांत विरतो. रेशमाच्या तर जवळही नेऊ नका.

शर्टावर करणार असाल तर एक गंमत लक्षात ठेवा. शर्ट सुती असला तरी शिलाईचा दोरा बहुधा पॉलिस्टरचा असतो, तो रंग धरत नाही. करड्या कापडावर सगळ्या टिपा पांढऱ्या उठून दिसतात. मला आवडतं, माझ्या बहिणीला उसवल्यासारखं वाटतं.

बुरशीचे ठिपके असलेला कपडा आधी घराबाहेर उन्हात वाळवून ब्रशने झटका, ओला करून चोळलात तर बुरशी आत जाते. पांढऱ्या सुतीला ऑक्सिजनवालं ब्लीच गरम पाण्यात चालतं. क्लोरीनचं रेशमाला आणि लोकरीला कधीच नाही, धागाच विरघळतो.

पागोळी:

हिरडा माहेरून मागवते, आजऱ्याच्या बाजूला मिळतो. खिळ्यांची ददात नाही, समुद्राची कृपा.

जीन्सचं राहिलंच.

उरेब:

जीन्सचा अख्खा कपडा तुमच्याकडे नको, हे तुम्हीच सांगितलंत. तुकड्यांनी वापरा. शर्टाच्या कुर्त्याला खिसे, खांद्याची पट्टी, लहान मुलांच्या फ्रॉकचा वरचा भाग, जिथे एकच थर असेल आणि अस्तर नसेल. मांडीच्या मागचं कापड सगळ्यात कमी झिजलेलं असतं, ते घ्या. ताणणारी आणि न ताणणारी जीन्स एका कपड्यात जोडू नका, पहिल्याच धुण्यात वाकडं होतं. १६ नंबरची सुई, आणि शिलाईवर शिलाई येते तिथे मशीनखाली घालायच्या आधी खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकून ती जागा सपाट करा, नाहीतर सुया मोडत बसाल. उरलेल्या जीन्स दादरला परत.

चाकरमानी_दादर:

ऐकलं. यंदा येताना बोचक्याऐवजी मलमल आणतो. वांगी म्हणजे नेमका कुठला, काळपट की लालसर? पदराचा फोटो दिवसाउजेडी काढून टाका, दुकानात दाखवायला.