आप्पांना कळतं सगळं, पण ऐकलेला शब्द परत म्हणता येत नाही. असं का?

पेणकरीण:
दीड महिन्यापूर्वी आप्पांना स्ट्रोक झाला, मेंदूच्या डाव्या बाजूला. हातपाय वाचले. बोलतात भरपूर, समजतंही. पण थेरपिस्टताईंनी 'खिडकी' म्हणा म्हटलं की "खिकडी... किडखी... खिडगी..." आणि शेवटी वैतागून "अहो ती, वारा येतो ती!" रिपोर्टात 'आर्क्युएट फॅसिक्युलस'ला इजा लिहिलंय. डॉक्टरांनी दोन मिनिटांत उरकलं. आप्पा एसटीत कंडक्टर होते. वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव मात्र एका दमात म्हणतात!

जुनी_थेरपिस्ट:
मग एसटीच्याच भाषेत सांगते. दोन्ही डेपो चालू आहेत, मधला घाट खचलाय. ऐकलेलं उलगडणारा वेर्निकेचा भाग कानाच्या वर-मागे, बोलणं जुळवणारा ब्रोकाचा कपाळाकडे. मधून चेतातंतूंचा जुडगा कमानीसारखा वळून जातो, तोच आर्क्युएट. तंतूंवर मायेलिनचं चरबीदार वेष्टण असतं, म्हणून तो भाग पांढरा. ऐकलेला आवाज जसाच्या तसा तोंडापर्यंत न्यायला हा रस्ता लागतो. अर्थाची वाट वेगळी, खालून जाते. म्हणून 'खिडकी' अडते आणि 'वारा येतो ती' सुटते. केंद्रं शाबूत, फक्त जोड तुटलेला, असाही वाचाघात असू शकतो हे वेर्निके या जर्मन डॉक्टरनं १८७४ सालीच मांडलं होतं. अर्थात नुसत्या तंतूंवर सगळं खापर फोडू नका, लगतच्या करड्या, म्हणजे चेतापेशींच्या भागालाही बहुधा मार बसलेला असतो. थांब्यांचं म्हणाल तर ती घोकंपट्टी. ती ऐकून उच्चारायची नसते, आपोआप घरंगळत येते.

शंकेखोर:
आम्ही तर शिकलो, ब्रोकाचा भाग गेला की वाचा गेली.

जुनी_थेरपिस्ट:
ती समजूत ज्याच्यावरून आली तो फ्रेंच डॉक्टर ब्रोकाचा रुग्ण लेबोर्न, फक्त 'टाँ' म्हणायचा. १८६१ साली गेला. ब्रोकानं त्याचा मेंदू न चिरता जपून ठेवला. त्याच मेंदूच्या एमआरआयचे निष्कर्ष २००७ साली आले, तेव्हा दिसलं की इजा आत खोल, पांढऱ्या तंतूंपर्यंत गेली होती. वरून पाहून हे कसं कळणार!
आणि पेणकरीण, पाहुण्यांसमोर 'म्हणा बघू' आधी बंद करा. परीक्षा थेरपीच्या तासाला पुरे.

पेणकरीण:
उशीर झाला. आज आत्या आली होती, "दादा, माझं नाव घे बघू" म्हणाली. आप्पा चारदा अडखळले. मग म्हणाले, "धाकटी. भांडखोर."