टेबलावर गनबोट आणि बलून: डाव वाढतो की फक्त फोटो चांगले येतात? (छोट्या पुतळ्यांनी टेबलावर जुन्या लढाया खेळणाऱ्यांची चर्चा; बोलणाऱ्यांची टोपणनावं वर दिली आहेत.)

तोफखाना

अमेरिकन यादवी युद्धाचा १८६२ सालचा कुठलाही डाव मांडला की कुणीतरी गनबोट (तोफा बसवलेली बोट) आणतं आणि कुणीतरी टेहळणीचा बलून. माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही टेबलाबाहेर ठेवा.

शायलोची लढाई घ्या (६-७ एप्रिल १८६२). टेनेसी नदीतून मारा करणारी युनियनची, म्हणजे उत्तरेच्या बाजूची, गनबोट 'टायलर' सुमारे १८० फूट, म्हणजे ५५ मीटर लांब. १५ मिमी उंचीच्या पुतळ्यांना १:१०० स्केल धरलं तर बोट झाली ५५ सेंमी. नियमांत जमिनीचं माप १ इंचाला ५० यार्ड असेल, तर ही बाई काठाचा जवळजवळ एक किलोमीटर अडवून बसते! २८ मिमीत तर ती मीटरभर होते.

आणि ती करते काय? काठ उंच, म्हणून तोफांची तोंडं वर करून कड्यापलीकडे अंदाजाने गोळे टाकते. त्याला एक कार्ड पुरतं. दर पाळीला एक फासा टाका, ६ पडला की डिल ब्रांचच्या ओढ्यातल्या एका तुकडीची मनोधैर्य चाचणी (टिकते की पळते याची) घ्या. बलूनचं तर बोलूच नका. खेळणाऱ्या दोघांनाही सगळं टेबल वरूनच दिसतं, मग आणखी वर चढून काय बघणार?

रंगाचा डबा

असहमत. दहा मीटरचं घर तुमच्याच हिशेबाने १८० मीटर रुंद होतं. म्हणून शायलोचं लाकडी चर्च काढून टाकता का? पुतळ्यांचं माप आणि जमिनीचं माप कुठल्याच टेबलावर जुळत नाही. ते बोटीनेच का जुळवायचं?

लांबी कापा, उंची ठेवा. २८ ते ३० सेंमीची 'टायलर' १५ मिमी पुतळ्यांशेजारी बरोबर दिसते, कारण नजर दारं, तोफांच्या खिडक्या आणि कठडा बघते, लांबी मोजत बसत नाही. पाणरेषेच्या वरचाच भाग करा. तळाला ३ मिमी एमडीएफ, बाजूंना ५ मिमी फोमबोर्ड, त्यावर आईस्क्रीमच्या काड्या आडव्या चिकटवा. मूळ बोटीला लोखंडी चिलखत नव्हतं, ५ इंची ओकच्या फळ्या होत्या, त्यामुळे काड्यांचा खडबडीतपणा इथे चालून जातो. चाकांच्या पेट्या दोन्ही बाजूंना. धुराडी स्ट्रॉची करू नका, गुळगुळीत प्लॅस्टिकवरून ॲक्रिलिक रंग नखाने निघतो. साध्या कागदाची सुरळी फेविकॉल लावून गुंडाळा, वाळली की काठीसारखी कडक होते. फोमबोर्डाला एकाच बाजूने पाणीदार रंग दिला तर कागद आखडतो आणि बोट केळ्यासारखी वाकते. दोन्ही बाजूंना रंग द्या आणि वजनाखाली वाळवा.

दोन फासे

बलूनबद्दल तोफखान्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. सगळे पुतळे उघड्यावर मांडले असतील तर बलून शोभेचाच. पण तुकड्यांऐवजी पालथ्या चकत्या मांडा, दहा चकत्यांत तीन फसव्या, की बलूनला काम मिळतं. हवेत असेल तर दर पाळीला २४ इंचांच्या आतली एक चकती उलटायची. जंगलातली नाही.

किंमतही लावा. युनियनचे बलूनवीर थॅडियस लो यांच्या बलूनदलात गंधकाम्ल आणि लोखंडाच्या किसापासून हायड्रोजन करायच्या खास गाड्या होत्या, आणि बलून भरायला साधारण तीन तास लागत. पाळी अर्ध्या तासाची असेल तर सहा पाळ्या गाड्या हलवायच्या नाहीत. फेअर ओक्सला (३१ मे १८६२) घाई होती म्हणून एका बलूनमधला वायू दुसऱ्यात घेतला, जोडायला तळ कापलेलं पातेलं! दोन बलून असतील तर हे दोन पाळ्यांत होऊ द्या. वाऱ्यासाठी दोन फासे: १० किंवा जास्त पडले तर बलून खाली. दोन्ही एक्के पडले तर दोर तुटला. यॉर्कटाउनला ११ एप्रिलला युनियनचे जनरल पोर्टर असेच शत्रूच्या डोक्यावर वाहून गेले होते, वारा फिरला म्हणून परत आले.

तोफखाना

तीन बलून वापरूनही युनियनचा सेनापती मॅक्लेलन याला शत्रू दुप्पट दिसायचा. त्याचा नियम कुठाय?

दोन फासे

आहे की. चकती उलटली तर 'इथे कुणीतरी आहे' एवढंच कळतं. ताकद पायदळ १२ इंचांवर आल्याशिवाय सांगायची नाही. आणि तारेने निरोप येतो म्हणून माहिती पुढच्या पाळीला वापरायची.

गाळातली होडी

बोटीचं कार्ड करा म्हणणाऱ्यांनी मॅल्व्हर्न हिल (१ जुलै १८६२) खेळून बघावं. जेम्स नदीतल्या गनबोटींचे गोळे तिथे युनियनच्याच टायलरच्या तोफखान्यावर पडले. (हा टायलर कर्नल, बोट नव्हे.) बोट नक्की कुठे उभी आहे आणि मधे कोण आहे, हे टेबलावर दिसल्याशिवाय तो गोंधळ कार्डातून येणार कसा? बोटीपासून लक्ष्यापर्यंत दोरा ताणा. दोऱ्यापासून ४ इंचांत आपली माणसं असतील आणि फाशावर १ पडला, तर गोळा त्यांच्यावर.

ड्र्युरीज ब्लफ (१५ मे १८६२) तर बोटीविना खेळताच येत नाही. युनियनच्या 'मॉनिटर' या चिलखती बोटीला नदीकाठच्या कड्यावरच्या तोफांपर्यंत नळ्या उचलता येईनात, मागे सरकावं लागलं. सोबतच्या 'गलीना' बोटीला चाळीसच्या वर गोळे बसले. नियम साधा: उंच काठापासून ८ इंचांच्या आत 'मॉनिटर'ने वर मारा करायचा नाही. आपल्याकडचं खांदेरी (१६७९) मांडलं तरी तेच. वारा पडला की इंग्रजांची गलबतं जागच्या जागी, आणि मराठ्यांच्या उथळ होड्या वल्हवत रात्री बेटावर. हा खेळ कार्डावर कसा खेळणार?

तोफखाना

ड्र्युरीज ब्लफ मान्य, कारण तिथे लढाईच नदीची आहे. शायलोला बोट टेबलाबाहेरच राहू दे, एक कार्ड आणि एक फासा मला पुरतो.

काडीपेटी

नियम झाले, आता बांधणीकडे या. लो यांचा 'इंट्रेपिड' बलून ३२,००० घनफुटांचा, म्हणजे व्यास अंदाजे १२ मीटर. १:१०० ला १२ सेंमीचा थर्माकोलचा गोळा बरोबर बसतो. उंची मात्र जमिनीच्या मापाने घ्या: १,००० फूट म्हणजे १७ सेंमी. पुतळ्यांच्या मापाने घ्यायला गेलात तर तीन मीटर, पंख्यालाच टांगा!

स्प्रे रंग आणि सुपरग्लू दोन्ही थर्माकोल खातात. आधी टिश्यू पेपर पातळ फेविकॉलने दोन थरांत चढवा, मग ॲक्रिलिक ब्रशने. पांढराशुभ्र ठेवू नका, वार्निश दिलेलं रेशीम पिवळट-तपकिरी दिसतं. जाळीला अंबाड्याची बारीक जाळी घ्या आणि खाली सुतळीचे पीळ गुंडाळून सेंटीमीटरभर टोपली करा.

दांडीला सायकलचा स्पोक. वाकडं टोक बेसखाली खाचेत बसवा, वरच्या आट्यांवर निपल फिरवून ते एपॉक्सीने बलूनच्या तोंडात रोवा. मग नेता-आणताना बलून पेचासारखा सोडवता येतो. बेस ६ सेंमीचा, खाली लोखंडी वॉशर, निदान शंभर ग्रॅम, नाहीतर कोपर लागला की सगळं शत्रूच्या रांगेत. दोराचा धागा बेसपर्यंतच बांधा, गाडीपर्यंत नेऊ नका, फासे टाकणाऱ्याच्या घड्याळात अडकतो.