मँडरिनच्या शिक्षकांसाठी: एचएसके ५ नंतर काय?

पाटीपेन्सिल: सातवी-आठवीला मँडरिन शिकवते, एचएसके (चिनी भाषेची प्रमाणित परीक्षा) ५ झालंय. आता वरची पातळी गाठावी की आंतरराष्ट्रीय चिनी शिक्षक प्रमाणपत्राची तयारी करावी? दोन अडचणी आहेत. सुट्या शब्दांत मुलांचे टोन (अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार) बरोबर येतात, वाक्यात कोसळतात. आणि 'ल' (क्रियापदामागे किंवा वाक्याच्या शेवटी येणारा छोटा शब्द) दिसेल तिथे चिकटवतात.

खडू_फळा: आधी प्रमाणपत्र. एचएसके पातळी ७ ते ९ ची एकत्रित परीक्षा चांगली आहे, त्यात भाषांतर आणि बोलणंही येतं. पण २०२१ च्या मानकानुसार तिथवर ११,०९२ शब्द होतात. शाळा सांभाळून ते लवकर होत नाही.
प्रमाणपत्राची लेखी १५० प्रश्नांची, मुलाखत २५ मिनिटांची. चिनीखेरीज दुसऱ्या भाषेत स्वतःची ओळख २ मिनिटं, 'श्वोख' (पाठाच्या आखणीचं स्पष्टीकरण) ३, प्रत्यक्ष पाठ ७, उरलेल्या वेळात प्रश्न. गाडी अडते ती श्वोखमध्ये. पाठ असा *का* आखला ते तिथे सांगायचं असतं, लोक नुसतं काय करणार तेच सांगत बसतात.

मंद्रसप्तक: वाक्यात कोसळतो तो बहुधा तिसरा टोन. खाली जाऊन वर येणारा पुस्तकी आकार (आवाजाची उंची १ ते ५ मोजली तर २-१-४) शब्द एकटा असला किंवा वाक्याच्या शेवटी आला तरच ऐकू येतो. एरवी तो नुसता खाली राहतो. पुढे आणखी एक तिसरा आला तर पहिला दुसऱ्यासारखा चढतो, 'नी हाव'मध्ये होतं तसा. म्हणून सुरुवातीला 'खालचा टोन' एवढंच शिकवा आणि सुटे शब्द सोडून जोड्या घोटा. चार टोनच्या सोळा जोड्या; ३-३ ऐकायला २-३ सारखीच, म्हणजे खऱ्या पंधरा.
उच्चारात आपल्याला आयती सोय आहे. पिनयिनमधले (चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची पद्धत) बी-पी म्हणजे प-फ (फ ओठ मिटून), डी-टी म्हणजे त-थ, जी-के म्हणजे क-ख. झेड हा 'चाका'तला च, जे 'चिमणी'तल्या चच्या जवळचा. सी मात्र मराठीत नाही: चाकातलाच च, पण हवा सोडून. तोंडासमोर कागदाची पट्टी धरा, ती हलली पाहिजे.

खडू_फळा: हे कानासाठी ठीक. फळ्यावर पिनयिन देवनागरीत लिहू नका, मुलं कायम तेच वाचतील.

क्रियाविशेषण: 'ल' म्हणजे भूतकाळ नव्हे. 'आला-गेला'तला ल कानात असल्यामुळे मुलं फसतात. 'काल मी फार कामात होतो', च़्वोथ्येन वो हन माङ: इथे ल नाही, कारण काही घडून संपलेलं नाही, नुसती स्थिती आहे. उलट 'तास सुटला की जाईन', वो श्याल ख च्यौ छ्यू: जाणं पुढचं, तरी ल आहे. मराठीतही 'सुटला'च म्हणतो ना? हेच वाक्य फळ्यावर लिहा.

पाटीपेन्सिल: मुलाखतीतल्या पाठाला हाच मुद्दा घेऊ का?

क्रियाविशेषण: घ्या, पण फक्त क्रियापदामागचा ल. वाक्याच्या शेवटचा, 'श्या यू ल' (पाऊस आला) मधला, त्यात मिसळलात की सात मिनिटं तिथेच संपली.