शाळा सुटल्यावर गेटबाहेर होणाऱ्या मारामाऱ्या: शाळेने नेमके काय करावे?

राजारामपुरीतील पालक:
नमस्कार. माझा मुलगा कोल्हापुरातील एका शाळेत नववीत शिकतो आणि मी तेथील शिक्षक-पालक संघाचा सदस्य आहे. अलीकडेच शाळा सुटल्यावर गेटपासून हाकेच्या अंतरावर, वडापावच्या गाड्यापाशी, दोन पेठांतील मुलांमध्ये मारामारी झाली. एकाच्या हातात फायटर (बोटांत अडकवून मारायचे धातूचे हत्यार) होते आणि दुसऱ्याच्या डोक्याला टाके पडले. कारण विचाराल, तर फुटबॉलच्या सामन्यातील ढकलाढकली आणि त्यावरून मोबाइलवर ठेवलेले ‘गेटवर ये, दावतो तुला’ असे स्टेटस. आता शाळेने आणखी कॅमेरे बसवणे, रोज दप्तरे तपासणे आणि दोघांच्याही हातात दाखला देणे असा विचार मांडला आहे. मात्र भांडण होणार हे अर्ध्या वर्गाला आदल्या रात्रीच ठाऊक होते, असे मुलगा जेवताना सहज बोलून गेला. जे एवढ्या मुलांना माहीत होते, ते एकाही शिक्षकाच्या कानावर का गेले नाही? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त मुख्याध्यापिका:
तुमचा शेवटचा प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. अमेरिकेत १९७४ ते २००० या काळात शाळांमध्ये झालेल्या ३७ हल्ल्यांचा तेथील सीक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याने मिळून अभ्यास केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात असे आढळले की, सुमारे पाचपैकी चार घटनांमध्ये हल्लेखोराचा बेत आधीच कोणाला तरी कळलेला होता, आणि ते बहुतेक वेळा त्याच्याच वयाचे मित्र किंवा वर्गसोबती होते. तिकडे बंदुका, आपल्याकडे फायटर आणि स्टंप. तरीही आधी कुजबुज होते, हा भाग दोन्हीकडे सारखाच आहे.

मुले सांगत नाहीत, कारण सांगणाऱ्याचे पुढे काय होते ते त्यांनी पाहिलेले असते. सांगू इच्छिणारा मुलगा कधीही थेट येत नाही. मधल्या सुट्टीत तो वही तपासून घेण्याच्या निमित्ताने शिक्षक-खोलीच्या दाराशी रेंगाळतो, बाकीचे गेले की ‘बाई, आज जरा गेटवर थांबा’ एवढेच म्हणतो आणि निघून जातो. अशा वेळी बाईंनी पुढच्याच तासाला संबंधित मुलांना उभे करून ‘मला सगळे कळले आहे’ असे सुनावले, तर कोणी सांगितले हे वर्गाला लगेच उमगते आणि त्या वर्षी दुसरा कोणी तोंड उघडत नाही. म्हणून गवगवा न करता दोघांच्या घरी फोन करावा, त्या दिवशी त्यांना वेगवेगळ्या वेळी सोडावे आणि स्वतः गेटवर उभे राहावे. शाळा सुटतानाची पंधरा-वीस मिनिटे गेटवर शिक्षक असणे मला कॅमेऱ्यापेक्षा मोलाचे वाटते, कारण कॅमेऱ्याचे चित्रण आपण बहुधा टाके पडल्यानंतरच पाहतो. दप्तरतपासणीबद्दल म्हणाल, तर फायटर दप्तरात नसतेच. ते बाहेरच्या मित्राकडे असते.

वकील, कसबा बावडा:
कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ही मुले नववीतील असल्याने ते संरक्षण त्यांना थेट लागू नाही. तरीही दाखला देऊन भांडण संपत नाही, ते फक्त शिक्षकांच्या नजरेआड जाते. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याशी घटनेआधीच बोलता येते, हे फार थोड्या शाळा ध्यानात घेतात. त्याच अधिनियमाच्या कलम ८३ नुसार मुलांना बेकायदा कृत्यांसाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो. तेव्हा फायटर पुरवणारा ‘भाई’ कोण, याची चौकशी व्हायलाच हवी. शिक्षक-पालक संघाने मुलांची नावे मात्र कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नयेत. कलम ७४ त्याला मनाई करते.

फुटबॉल प्रशिक्षक:
पेठापेठांतील ईर्ष्या हेच अशा भांडणांचे मूळ, असे लोक सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. जो मुलगा रोज संध्याकाळी मैदानावर घाम गाळतो, त्याला गेटवर थांबायला सवडच नसते. स्टेटस टाकणारे बहुधा प्रेक्षकांतील असतात. मात्र सामना संपल्यावर दोन्ही संघ एकाच वाटेने बाहेर सोडणे आणि तिथे एकही मोठा माणूस नसणे, ही चूक आयोजकांची. पेठेतल्या तालमीतील जाणत्यांचा शब्द ही मुले अजून ऐकतात. शाळेने त्यांना बोलवावे, पण मुलांना दम भरण्यासाठी नव्हे, तर सामन्याच्या दिवशी मुलांबरोबर घरापर्यंत चालत जाण्यासाठी.

राजारामपुरीतील पालक:
सर्वांचे आभार. दाखला देण्याचा विषय तूर्त पुढे ढकलावा आणि गेटवर शिक्षक-पालकांच्या पाळ्या लावाव्यात, अशी मागणी मी बैठकीत मांडणार आहे. बाई, मुलांना नाव न देता सांगता यावे म्हणून तक्रारपेटी ठेवली तर उपयोग होईल का? शाळेत एक आहे, मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेर.

निवृत्त मुख्याध्यापिका:
दालनाबाहेर आणि बहुधा कॅमेऱ्याच्या टप्प्यात असलेल्या पेटीत कोणीही चिठ्ठी टाकणार नाही. ती वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटामागे हलवा आणि रोज उघडा, कारण आठवड्याने उघडलेल्या पेटीत कालच्या भांडणाची चिठ्ठी सापडते. त्याखेरीज प्रत्येक वर्गाला दोन शिक्षकांची नावे सांगून ठेवा, आणि त्यांपैकी एक तरी मुलांच्या आवडीचा असू द्या. तो कोण, हे मुलांनाच विचारा. घरी किंवा शाळेत बोलता येत नसेल, तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक पेटीवरच रंगवून घ्या.