मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्ड असूनही ४के व्हिडिओ अडखळतो, सीपीयू शंभर टक्के

खटपट्या
नवा ४के मॉनिटर लावल्यापासून यूट्यूबवरचे व्हिडिओ अडखळत चालतात. सीपीयू ९५ ते १०० टक्के, पंखा घोंघावतोय. वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. क्रोममध्ये (व्हिडिओचं काम सीपीयूऐवजी ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणारं) हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन चालूच आहे, बंद करून परत चालू करूनही पाहिलं. ड्रायव्हर ताजा आहे. नेटचा वेग भरपूर आहे, त्यामुळे ते कृपया सांगू नका. काय करू? जरा लवकर सांगा.

लोहचुंबक
पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे? कार्डाला पुरेशी वीज मिळाली नाही तर ते नीट चालत नाही. आधी तो बदला, मग बाकीचं बघू.

उंबरठा
@लोहचुंबक, वीज कमी पडली तर कार्डावर ताण आल्यावर मशीन बंद पडतं किंवा रीस्टार्ट होतं. व्हिडिओ बघताना सीपीयू शंभरावर जाणं हे त्याचं लक्षण नाही.

@खटपट्या, कार्ड कोणतं, प्रोसेसर कोणता, विंडोज की लिनक्स? यातलं काहीच लिहिलेलं नाही. व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स चिप) निवडा आणि 'व्हिडिओ डिकोड'चा (व्हिडिओ उलगडण्याच्या कामाचा) आलेख बघा. तो शून्याला चिकटलेला असेल तर सगळं काम सीपीयू करतोय.

किरमिजी
डीडीयू (ड्रायव्हर पूर्ण काढून टाकणारं सॉफ्टवेअर) वापरा. नेट तोडायचं, सेफ मोडमध्ये जायचं, डीडीयूने जुना ड्रायव्हर मुळासकट काढायचा, रीस्टार्ट करून आधीच उतरवून ठेवलेला नवा ड्रायव्हर टाकायचा. ड्रायव्हरवर ड्रायव्हर चढवत गेलं की असंच होतं.

उंबरठा
ड्रायव्हर बिघडला आहे असं कशावरून? डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसत असेल, किंवा पिवळ्या त्रिकोणासोबत कोड ४३ (उपकरणाने अडचण कळवल्याची सूचना) येत असेल, तर डीडीयू जरूर वापरा. काही न बघता आधी ड्रायव्हर उपटायला लावणं बरोबर नाही.

किरमिजी
झाला तर फायदाच होतो, तोटा काय आहे?

खटपट्या
विंडोज १०, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी कार्ड, आय५ ६५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम. डिव्हाइस मॅनेजरमध्ये इंटेल एचडी ५३० (प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स) आणि एनव्हिडिया दोन्ही दिसतात, पिवळा त्रिकोण कुठेच नाही. एनव्हिडियाचा 'व्हिडिओ डिकोड' शून्य आहे. क्रोम://जीपीयू या पानावर 'व्हिडिओ डिकोड: हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड' असं हिरव्या अक्षरांत लिहिलंय, मग हे शून्य कसं? शिवाय माउसचा बाणसुद्धा तुटक हलतो, म्हणजे ड्रायव्हरच असणार ना? डीडीयू करू का?

चौकट
सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स सेटिंग्ज इथे जाऊन 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेटेड जीपीयू शेड्युलिंग' चालू करा आणि रीस्टार्ट करा. हेच ते.

उंबरठा
@चौकट, नावात साम्य असलं तरी ती सोय वेगळी आहे. जीपीयूकडे आलेली कामं कोणत्या क्रमाने लावायची हे सीपीयूऐवजी जीपीयूने ठरवावं, एवढाच तिचा हेतू. व्हिडिओ कोण उलगडतं याच्याशी तिचा संबंध नाही.

दीपमाळ
@खटपट्या, डीडीयू थांबवा. माउसचा बाण तुटक हलतो, ही या धाग्यातली सर्वांत कामाची माहिती आहे. मॉनिटरची केबल कुठे लावली आहे? कॅबिनेटच्या मागे यूएसबी आणि नेटवर्कच्या पोर्टांजवळ, की त्याखाली कार्डाच्या आडव्या पट्टीत? आणि अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले सेटिंग्जमध्ये रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं) किती दिसतो?

खटपट्या
३० हर्ट्झ. केबल वर, यूएसबीजवळच्या एचडीएमआयला आहे. जुना मॉनिटर कार्डाच्या डीव्हीआयवर होता, नव्यासोबत एचडीएमआय केबल आली ती समोर दिसलेल्या पोर्टात लावली. पण चित्र तर येतंय की!

दीपमाळ
ते पोर्ट मदरबोर्डचं आहे, चित्र येतंय ते प्रोसेसरमधल्या इंटेल ग्राफिक्समधून. कार्ड नुसतं बसून आहे. त्या पिढीच्या मदरबोर्डांवरचं एचडीएमआय बहुधा १.४ असतं, त्यातून ४के जास्तीत जास्त ३० हर्ट्झने जातं. बाण तुटक दिसण्याचं कारण तेच. आणि तुमच्या सहाव्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समध्ये व्हीपी९ (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत, म्हणजे कोडेक) पूर्णपणे उलगडणारं हार्डवेअर नाही, ते सातव्या पिढीपासून आलं. यूट्यूबचा ४के व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या कोडेकमध्ये येतो, म्हणून सगळा भार सीपीयूवर.

हिरव्या अक्षरांवर विसंबू नका. डिकोडिंगची सोय सुरू आहे, एवढंच ती सांगतात. त्याच पानावर खाली जीपीयूंची यादी आहे. ज्याच्यापुढे 'अ‍ॅक्टिव्ह' लिहिलंय त्याचा व्हेंडर क्रमांक ८०८६ ने संपत असेल तर इंटेल, १०डीई ने संपत असेल तर एनव्हिडिया. आणखी खाली 'व्हिडिओ अ‍ॅक्सिलरेशन इन्फर्मेशन'मध्ये कोणता कोडेक किती पिक्सेलपर्यंत चालतो ते एकेका ओळीत दिलेलं असतं. खरं उत्तर तिथे मिळतं.

मशीन बंद करा, केबल कार्डाच्या एचडीएमआयला लावा. ते २.० आहे, ४के ६० हर्ट्झने देतं. चित्र आलं नाही तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) 'प्रायमरी डिस्प्ले' पीसीआय एक्सप्रेसवर ठेवा.

किरमिजी
केबल न हलवताही होईल. ग्राफिक्स सेटिंग्जमध्ये क्रोम जोडायचं आणि 'हाय परफॉर्मन्स' निवडायचं, की क्रोम एनव्हिडियावर चालतं.

दीपमाळ
चालेल, पण कार्डाने तयार केलेली प्रत्येक फ्रेम परत इंटेलकडे जाऊन मगच पडद्यावर येईल, आणि ३० हर्ट्झची अडचण जागच्या जागी. लॅपटॉपमध्ये इलाज नसतो म्हणून तसं करतात. डेस्कटॉपला केबल हलवणं हाच सरळ मार्ग.

लोहचुंबक
कार्डाला वेगळी ६ पिनची केबल आहे का तेही बघा.

उंबरठा
१०५० टीआय ७५ वॅटचं कार्ड आहे, तेवढी वीज स्लॉटमधूनच मिळते. बऱ्याच मॉडेलांना ती पिन नसतेच.

खटपट्या
केबल हलवली. ६० हर्ट्झ आलं, बाण एकदम सरळ. पण व्हिडिओ अजून अडखळतो! सीपीयू ८५ ते ९०. एनव्हिडियाचा 'व्हिडिओ डिकोड' अजून शून्य. आता काय?

दीपमाळ
व्हिडिओवर राइट क्लिक, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स', कोडेकच्या ओळीत काय आहे?

खटपट्या
एव्ही०१ ने सुरू होणारं लांबलचक काहीतरी. ड्रॉप्ड (गळालेल्या) फ्रेम्स सारख्या वाढतायत.

चौकट
मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून 'एव्ही१ व्हिडिओ एक्स्टेन्शन' घ्या, फुकट आहे.

दीपमाळ
@चौकट, क्रोम एव्ही१साठी स्वतःचा सॉफ्टवेअर डिकोडर सोबत आणतं, त्याला स्टोअरमधलं काही लागत नाही. आणि कार्डात जे सर्किटच नाही ते एक्स्टेन्शनने येत नाही. १०५० टीआय एच.२६४, एचईव्हीसी आणि व्हीपी९ उलगडतं, एव्ही१ नाही. यूट्यूब एव्ही१ पाठवतंय, कार्ड हात वर करतंय, आणि चार कोअरच्या सीपीयूला ४केच्या ६० फ्रेम्स पेलत नाहीत.

किरमिजी
मग एच२६४इफाय हे क्रोमचं एक्स्टेन्शन टाका. फक्त एच.२६४ येईल, ते सगळ्या कार्डांना जमतं.

उंबरठा
ते टाकलं तर ४के गेलंच. यूट्यूब एच.२६४ फक्त १०८०पीपर्यंत देतं. ४के मॉनिटरवर हा सल्ला चालणार नाही. त्याचीच 'एनहान्स्ड' नावाची आवृत्ती घ्या आणि तिच्यात फक्त एव्ही१ वर खूण करा, म्हणजे तेवढंच अडवलं जाईल. व्हीपी९ वर अजिबात नको. मग पान रिफ्रेश करा, कोडेकच्या ओळीत व्हीपी०९ दिसायला हवं.

खटपट्या
व्हीपी०९ आलं. सीपीयू २० च्या खाली, 'व्हिडिओ डिकोड' साधारण ४० टक्के, ड्रॉप्ड फ्रेम्स वाढत नाहीत. दोघांचेही आभार. म्हणजे कार्ड बदलायलाच हवं का?

बोरूबहाद्दर
माझा सल्ला, लिनक्स घ्या. व्हीए-एपीआय (लिनक्सवर ग्राफिक्स चिपकडून व्हिडिओ उलगडून घेण्याची सोय) लावलं की सगळं आपल्या हातात.

उंबरठा
एनव्हिडिया कार्ड असताना? त्यांच्या ड्रायव्हरसोबत व्हीए-एपीआय येत नाही, वेगळा जोडड्रायव्हर टाकावा लागतो. विषय विंडोजचा चालला आहे.

दीपमाळ
@खटपट्या, नुसत्या यूट्यूबसाठी बदलू नका. कधी बदललंत तर एव्ही१ उलगडण्याची सोय आहे याची खात्री करून घ्या: एनव्हिडियात आरटीएक्स ३० मालिकेपासून पुढे आहे, जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० मध्ये नाही. एएमडीत आरएक्स ६००० मालिकेत आहे, पण त्यातल्या ६४०० आणि ६५०० एक्सटी या दोन कार्डांत नाही. नाव नवं बघून लोक नेमकी तीच घेतात. इंटेलच्या आर्क कार्डांत आहे, आणि प्रोसेसरसोबतच्या ग्राफिक्समध्ये अकराव्या पिढीच्या एक्सई ग्राफिक्सपासून. तोवर ते 'एनहान्स्ड' एक्स्टेन्शन राहू द्या. बायोसमध्ये इंटेलचं 'मल्टी मॉनिटर' बंद केलंत तर केबल चुकून पुन्हा वर गेली तरी चित्रच येणार नाही, लगेच कळेल.