फलक क्र. ४: छपाई थांबवा!

बी-३०२: गणपतीच्या प्रदर्शनातला फलक क्र. ४ कोणी मंजूर केला? 'गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१७ मध्ये खडकीची लढाई जिंकली.' तेव्हा तो पुण्यात रेसिडेंट होता, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी. मुंबईचा गव्हर्नर १८१९ ते १८२७.

सेक्रेटरी: काका, मजकूर आठ दिवस ग्रुपवर होता. तेव्हा सगळे गप्प 🙏

बी-३०२: पीडीएफ उघडत नव्हती.

सी-५०१: फोटोही चुकलाय. तो त्याचा पुतण्या, १३वा लॉर्ड एल्फिन्स्टन; गव्हर्नर १८५३ ते १८६०. मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनला नाव या पुतण्याचं होतं, आताचं प्रभादेवी.

ए-६०२: म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेज काकाचं, स्टेशन पुतण्याचं. शनिवारवाड्यात काका-पुतण्याचं इतकं गोडीत मिटलं असतं तर! 😄

सेक्रेटरी: राजकीय पोस्ट नकोत.

ए-६०२: अहो, १७७३ चं आहे!

बी-३०२: १८१७ ला रेसिडेंट. गव्हर्नर नाही.

ए-१०४: फौज लेफ्टनंट कर्नल बरच्या हाताखाली होती, तेही लिहा. एल्फिन्स्टनची खरी करामत लढाईआधीची. गंगाधरशास्त्री बडोद्याच्या गायकवाडांचे वकील, म्हणजे दूत, इंग्रजांच्या हमीवर पुण्यात आलेले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. एल्फिन्स्टननं त्या हमीवर बोट ठेवून, खुनाचा आळ असलेल्या, बाजीराव पेशव्यांच्या मर्जीतल्या त्रिंबकजी डेंगळ्यांना मागून घेतलं, ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं. १८१६ मध्ये ते निसटले, तर त्याचंच निमित्त करून सिंहगड, पुरंदर, रायगड तारण मागितले. १३ जून १८१७ च्या तहात तर बाजीरावांनी इतर दरबारांत वकील ठेवायचे नाहीत असं कलम. तोफ न डागता पेशवाई एकटी पाडली.

सी-५०१: आणि १ नोव्हेंबरला पलटण पुण्यातल्या गारपिराच्या छावणीवरून खडकीला हलवली, म्हणून वाचला. ५ तारखेला दुपारी संगमावरचा बंगला सोडून नदीपलीकडे गेला. मागे बंगला जळला, पुस्तकं नि कागदपत्रं खाक.

बी-२०१: इंग्रजाच्या पुस्तकांचं सुतक किती! पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांना एकच ओळ? घोडदळाचा हल्ला दलदलीत रुतला म्हणून फसला, हे कोण लिहिणार?

डी-१०३: पण शिक्षणाचं श्रेय द्यायला हवं. १८२१ ला विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा त्यानंच काढली.

ए-१०४: पेशवे ब्राह्मणांना दक्षिणा वाटत त्या पैशातून, वहिनी. पदरचं काही घातलं नाही.

डी-१०३: सोसायटीत पदरचं कोण घालतं, तेही एकदा कळू द्या.

ए-६०२: इंग्रजांना सामील झालेल्या बाळाजीपंत नातूंचा फलक आहे का? 😇

सेक्रेटरी: मुळीच नाही. गेल्या वर्षी त्यावरून ग्रुप बंद ठेवावा लागला होता.

बी-३०२: १८१७. रेसिडेंट.

सेक्रेटरी: नवा मजकूर: 'माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन (१७७९–१८५९), पुण्यातला कंपनीचा रेसिडेंट १८११ पासून, पुढे मुंबईचा गव्हर्नर.' फोटो बदलतो. छापणारा चारपर्यंतच थांबणार आहे. हरकत असेल तर आत्ता बोला, नंतर पत्रं पाठवू नका.

बी-२०१: गोखले २० फेब्रुवारी १८१८ ला अष्टीला लढता लढता पडले, ही दुसरी ओळ घातलीत तरच माझी संमती.

सेक्रेटरी: जागा नाही, साहेब.

बी-२०१: प्रायोजकाच्या जाहिरातीला आहे, ती कशी?