स्कूटर भेरूघाटात दम सोडते, हलके रोलर टाकावेत का? (इंदूर) – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी ११० सीसीची गिअरलेस स्कूटर, बरीच चाललेली. कंपनी मुद्दामच सांगत नाही, नाहीतर धागा कुठली गाडी चांगली यावरच संपेल.

राजवाडा ते विजयनगर काही तक्रार नाही. सिग्नलवरून नीट उठते, ॲव्हरेजही पूर्वीइतकंच देते. दुखणं खंडवा रोडवर सुरू होतं. सिमरोलच्या पुढे जाताना उतार, त्यामुळे काही कळत नाही. पण चोरलहून परतताना, मागे सौ. आणि पायाशी पिशव्या अशा थाटात भेरूघाट चढायला लागलं की ॲक्सिलरेटर पूर्ण पिळूनही काटा तिशीच्या खाली उतरतो. इंजिन ओरडत असतं तरी समजलं असतं. इथे ते दबक्या आवाजात नुसतं कण्हतं. अशा गाडीत गिअरचं काम बेल्ट आणि पुली करतात; वेग पडला की पुलीने आपणहून खालच्या गिअरसारखं व्हायला हवं ना? ती होत नाही, किंवा फार उशिरा होते.

एक मिस्त्री म्हणतो, "भिया, हल्के रोलर डलवा लो, उड़ेगी." दुसरा म्हणतो जड टाका, पेट्रोल वाचेल. दोघांनीही कव्हर न उघडताच औषध लिहून दिलं. मग मी स्वतःच उघडलं. पुढच्या पुलीत सहा रोलर (छोटी गोल वजनं) निघाले, सराफ्यात ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर प्रत्येकी १३ ग्रॅमच्या आसपास भरले (बिचाऱ्याने आधी ते नीट पुसून घेतले). दोन रोलर एका बाजूने सपाट झालेत.

मला समजलंय ते असं. इंजिनाचे फेरे वाढले की रोलर बाहेर फेकले जातात, पुढच्या पुलीच्या दोन ताटल्या जवळ येतात, बेल्ट वर चढतो आणि गिअर वाढतो. रोलर हलका असेल तर तेवढाच जोर यायला इंजिनाला जास्त फिरावं लागतं. जोर वजनाच्या प्रमाणात आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वजन १०% कमी केलं तर फेरे साधारण ५% वाढावेत. १३ चे १२ केले तर जेमतेम ४%. एवढ्याने घाट चढेल?

हे शोधताना स्नोमोबाइलवाल्यांच्या दुनियेत शिरलो. बर्फावरच्या त्या गाड्यांनाही हाच बेल्ट आणि हीच पुली, फक्त रोलरऐवजी बिजागरीवर झुलणारी वजनं असतात. त्यातल्या काहींमध्ये छोटे स्क्रू घालून-काढून ग्रॅम बदलता येतात. बुडाशी वजन वाढवलं तर सुरुवातीच्या उठावावर परिणाम, टोकाशी वाढवलं तर वरच्या वेगावर. उंच डोंगरात हवा विरळ, इंजिनाची ताकद घटते, म्हणून तिथे वजन कमी करतात. आपल्या गोल रोलरला ही सोय कुठली!

तर विचारायचं हे: ३ रोलर १३ चे आणि ३ रोलर १२ चे असं मिश्रण चालतं का? आणि मागच्या पुलीची मोठी स्प्रिंग कडक टाकणं हा जास्त बरा उपाय आहे का? शहरातलं ॲव्हरेज फार मारायचं नाहीये.

माळवी_पुली:
दादा, मिश्रण चालतं. फक्त एक जड, एक हलका असे आलटून पालटून बसवा, सगळे जड एका बाजूला नकोत. पण आत्ता ग्रॅमच्या मागे लागू नका. सपाट झालेला रोलर गडगडत नाही, घसटतो आणि मध्येच अडकतो. वेग पडल्यावर तो परत आत यायलाच तयार नसतो, तुमचं लक्षण तेच आहे. आधी त्याच वजनाचा नवा संच टाका आणि त्याच घाटात, तेवढंच ओझं घेऊन चालवून बघा.

स्प्रिंग कडक केली तर गिअर लवकर खाली येतो हे खरं, पण बेल्ट जास्त तापतो आणि झिजतो. रोलर आणि स्प्रिंग एकाच दिवशी बदललीत तर गुण कशाचा आला ते कधीच कळणार नाही.

जुना_फिटर:
अहो, मागची पुलीही उघडा. तिच्यात तिरक्या खाचा आणि पिना असतात. चाकावर भार आला की त्याच खाचा पुलीला बेल्टवर आवळतात आणि गिअर खाली आणतात. तिथलं ग्रीस वाळलं असेल तर पुढे सोन्याचे रोलर घातले तरी घाटात हेच होणार. बेल्टची रुंदी मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा.

आवाजाचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. फेरे वाढतात पण गाडी सरकत नाही, असं असतं तर बेल्ट किंवा क्लच शू घसरतोय म्हटलं असतं. तुमचं उलट आहे, फेरेच चढत नाहीत.

रामबागकर (धागाकर्ता):
धन्यवाद! मागची पुली उघडलीच नव्हती. फेरे मोजायचा काटा गाडीला नाही. पुली किती चालते हे बघायचा काही जुगाड?

जुना_फिटर:
आहे की. पुढच्या पुलीच्या ताटलीवर, बेल्ट घासतो त्या तोंडावर, मध्यापासून कडेपर्यंत मार्करने सरळ रेघ ओढा. चक्कर मारून या आणि उघडा. जिथवर बेल्ट गेला तिथवर रेघ पुसलेली असेल. कडेला शाई बरीच उरली तर बेल्ट पूर्ण वर चढतच नाही.

जोडताना मागची पुली हाताने फाकवून बेल्ट तिच्यात खोल दाबा, म्हणजे पुढे तो ढिला राहील, आणि मगच पुढचा नट आवळा. बेल्ट ताटल्यांमध्ये चिमटला असेल तर नट आवळल्यासारखा वाटतो आणि रस्त्यात सुटतो. रोलरला ग्रीस लावू नका, मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच. आणि मागच्या पुलीचं ग्रीस बेल्टला लागू देऊ नका.